आठ माइकांची पेटी

"आधी गाणी, मग गळा," माझी धाकटी जाऊ डॉक्टरांना म्हणाली आणि पदर सावरून बसली.

मिरजेच्या दवाखान्यातली गोष्ट. तिच्या गळ्यात थायरॉइडची गाठ होती. दोन वर्षं तिनं ती पदराखाली झाकली. उताणं झोपलं की दम लागायला लागला, तेव्हा कुठं माझ्याजवळ बोलली. डॉक्टर भले. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं: ही श्वासनळी, ही गाठ, आणि ही गाठीला चिकटून गेलेली आवाजाची नस. गाठ काढायलाच हवी, थांबून चालणार नाही. नस आम्ही जपू, पण आवाज बदलू शकतो, हे सहीच्या आधी सांगणं माझं काम आहे, असं ते म्हणाले. बदलू शकतो म्हणजे किती, असं मी विचारलं. त्यांनी खोटा धीर दिला नाही. "ते आत्ता सांगता येत नाही," म्हणाले.

त्यावर जावेचं हे उत्तर. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी थोरली, त्यात पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई म्हणून काढलेली, तेव्हा समजूत मीच घालायची. मी म्हणाले, "तीन आठवड्यांनंतरची तारीख लिहा, डॉक्टर. तोवर गाणी मी रेकॉर्ड करते." रेकॉर्डिंगमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण माझं हे असंच आहे, जीभ पुढं आणि मी तिच्यामागं पळत. एस.टी.त बसल्यावर जाऊ म्हणाली, "आवं आक्का, आन् न्हाई जमलं तर?"

"तर तुला उचलून टेबलावर नेऊन ठेवीन. गप बस."

ती हसली, पण माझा हात तिनं धरला होता तो विट्यापर्यंत सोडला नाही.

आमचं गाव औंधच्या अलीकडं. तिथं बायकांचं भजनी मंडळ आहे, आठजणींचं. पुढं म्हणणारी माझी जाऊ, मागं झील धरणाऱ्या पाच, एक ढोलकीवर, एक टाळावर. मी त्यात नाही, कारण मला सूर नाही, आणि हे मला सगळ्या गावानं वेळोवेळी ऐकवलेलं आहे. मंडळाची गाणी जावेनं स्वतः रचलेली. यमाई देवीची आहेत, तशीच पाण्याच्या टँकरची आहेत, अर्ध्या तिकिटाच्या एस.टी.चं एक आहे, आणि सुनेच्या मोबाइलचं जे आहे ते ऐकून बायका हसून हसून लोळतात. ती शिकली चौथीपर्यंत. शब्द मी वहीत उतरवून घेतले होते, पण चाल काही वहीत बसत नाही. चाली सगळ्या तिच्या गळ्यात, आणि आता त्याच गळ्यावर सुरी फिरायची होती.

"मोबाइलवर धरा की," असं ज्यानं त्यानं सांगितलं. धरलं होतं. टाळ आणि ढोलकी तेवढी ऐकू येते, जावेचा बारीक आवाज त्याच्याखाली गडप. साताऱ्याच्या एका स्टुडिओतही नेलं मंडळाला. तिथल्या माणसानं सांगितलं, एकेकीनं काचेच्या खोलीत जायचं, कानाला हेडफोन लावायचा, आपापला भाग म्हणून बाहेर यायचं. आमच्यात तसं होत नाही हो. जाऊ ओळ अर्ध्यावर आणते न आणते तोच मागच्या पाचजणी ती झेलतात, आणि कुठं झेलायची हे त्या तिच्या तोंडाकडं बघून ठरवतात. पहिलीच बाई काचेआड गेली आणि पाच मिनिटं नुसती उभी राहिली. बाहेर येऊन मला म्हणाली, "बाई, भिताडाकडं बघून कसं गाऊ वो?" त्या माणसानं कपाळाला हात लावला. मी सगळ्यांना उठवलं आणि गावाकडं परत आणलं.

एवढं मात्र पक्कं कळलं की आठजणी एका जागी, एकमेकींकडं तोंड करून, एकदम गाणार. आणि प्रत्येकीचा माइक वेगळा हवा, म्हणजे नंतर टाळ खाली घेता येईल आणि जावेला वर काढता येईल. माझा एक जुना विद्यार्थी, आता तोही चाळिशी ओलांडलेला, पुण्यात स्टुडिओ चालवायचा. त्याला फोन केला.

"बाई, माझ्या माळ्यावर एक जुनी पेटी पडलीय," तो म्हणाला. "आठ माइक लागतात, आठही आवाज वेगवेगळे कॉम्प्युटरात जातात. आवाज अजून एक नंबर. पण ती जोडायची म्हणजे डोक्याला ताप आहे."

"पाठव. ताप मी बघते."

तिसऱ्या दिवशी पेटी आली, सोबत आठ माइक, केबलींचं भेंडोळं आणि कॉम्प्युटरच्या आत बसवायचं एक जुनं कार्ड. वर चिठ्ठी होती: "बाई, पाढे तुम्ही शिकवलेत. परत पाठवू नका." मी जरा वेळ ती चिठ्ठी हातात धरून बसले. आमचे हे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यांनी पेटीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ऑर्डर तू दिलीस, आता तामील पण तूच कर."

ताप म्हणजे काय ते पेटी उलटी केल्यावर कळलं. मागं एकच खाच, एका बाजूनं निमुळती. तिला फायरवायर म्हणतात. एके काळी तिची चलती होती, आता कुठल्याच नव्या कॉम्प्युटरला ती नसते. लॅपटॉप तर सोडूनच द्या. म्हणजे उघडता येईल असा मोठा कॉम्प्युटर हवा, आणि त्याच्या पोटात फायरवायरचं कार्ड बसवायला हवं. आणि हे सगळं एकमेकांना मानवायला हवं. मानवणं हा शब्द माझा, विद्यार्थ्याचा नव्हे. तो काहीतरी लांबलचक इंग्रजी बोलला होता.

आमच्या शाळेला ज्यांनी कॉम्प्युटर दिले होते ते दुकान सांगलीत. दुकानदार पन्नाशीचे, कपाळाला गंध, बोलणं सावकाश. म्हणाले, "मॅडम, लॅपटॉप घ्या, हलका असतोय." मी पिशवीतून पेटी काढून त्यांच्या काउंटरवर ठेवली. त्यांनी ती फिरवून फिरवून बघितली. "हे कुठनं काढलंय तुम्ही?" मग मी वही उघडली आणि विद्यार्थ्यानं सांगितलेलं सगळं धडा वाचावा तसं वाचून दाखवलं. बोर्ड अमका, मेमरी एवढी, आणि पंखा मोठा पण सावकाश फिरणारा, कारण लहान पंखा घुंई करतो आणि ते माइकात येतं. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं. त्या नजरेनं मला फार बरं वाटलं.

जोडणी माझ्यासमोर करायची, आणि स्क्रू मी लावणार, ही माझी अट. गावात बिघडलं तर कोण येणार? प्रत्येक भाग कुठं बसतो त्याची मी वहीत आकृती काढली. सगळं बसलं आणि कार्डाची पाळी आली. विद्यार्थ्याचं कार्ड लांबलचक दातांचं, ते काही केल्या आत जाईना. मी अंगठ्यानं जोर लावला.

"ओ बाई, दाबू नका, दाबू नका!" दुकानदार ओरडलेच. "ह्या बोर्डाला तसली खाच नसतीच. ती पद्धत गेली आता." त्यांनी ड्रॉवरमधून एक लहानसं नवं कार्ड काढलं, आणि ते पट्कन बसलं. "कार्ड म्हणजे कार्ड," ते म्हणाले. "चालतंय."

त्या तीन शब्दांनी पुढं माझा आठवडा खाल्ला.

परतताना एस.टी.त खोकं शेजारच्या सीटवर ठेवलं. कंडक्टर म्हणाला, "हे बाई हाय का बुवा? बाई आसंल तर अर्धं काढतो." सगळी गाडी हसली. मीही हसले. मला वाटत होतं, झालं काम.

घरी धान्याची खोली रिकामी केली. भिंतींना वाकळा टांगल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. जावेला एकटीला समोर बसवून पहिली ओळ म्हणायला लावली. पेटीवरचा दिवा तिच्या आवाजाबरोबर वरखाली व्हायला लागला आणि मी आनंदानं टाळीच वाजवली. मग ऐकायला लावलं. आवाज असा स्वच्छ की तिनं ओळीच्या आधी घेतलेला श्वास ऐकू आला. आणि मग एकदम तडतड. फोडणीत मोहरी टाकावी तशी. दोन ओळी बऱ्या जातात, पुन्हा तडतड.

केबली बदलल्या. विद्यार्थ्यानं फोनवरून सांगितलं तसं वायफाय बंद केलं, वीज वाचवायच्या सगळ्या सोयी बंद केल्या, पेटीचा जुना प्रोग्रॅम काढून दुसरा घातला. तडतड कमी झाली, गेली नाही. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "बाई, त्या कार्डावर मधोमध एक काळा चौकोन आहे बघा. त्यावर काय लिहिलंय ते वाचा." कार्ड बाहेर काढलं, भिंग आणलं, खिडकीत गेले, एकेक अक्षर वाचून दाखवलं.

"तरीच," तो म्हणाला. "ही पेटी सगळ्यांशी नीट बोलत नाही, बाई. तिला एकाच कंपनीची चिप लागते. पेटी बनवणाऱ्यांची यादी आहे तशी, मी पाठवतो."

औंधला जाऊन यादी छापून आणली. खरंच की! ही चिप चालेल, बाकीच्यांची खात्री नाही, असं स्वच्छ लिहिलेलं. आधी वाचली असती तर? पण पोरांना पस्तीस वर्षं "आधी सूचना वाचा" म्हणून सांगणारी मी, मीच वाचली नव्हती. माझा मलाच राग आला, आणि माझा राग फार वेळ माझ्यावर राहत नाही, तो दुसऱ्यावर जातो. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सांगलीत.

"अहो मॅडम, दिवा लागतोय, आवाज येतोय, मग कार्ड चालतंयच की," दुकानदार म्हणाले.

"तडतडतंय."

"कार्ड म्हणजे..."

"कार्ड म्हणजे कार्ड नसतं!" मी म्हणाले. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "बाजरी काय वाईट असते? चांगलीच असते. पण आमच्या सासऱ्यांना बाधायची, त्यांना ज्वारीच लागायची. ह्या पेटीला तुमची चिप बाधते. मला ही हवी." आणि यादी त्यांच्यापुढं आपटली.

त्यांनी ती शांतपणे वाचली. रागावले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मुंबईला फोन लावला, पुण्याला लावला, मग कुठल्यातरी गोदामात एक सापडलं. आठवडा लागेल म्हणाले. माझ्याकडं जेमतेम दहा दिवस उरले होते.

त्या आठवड्यात जाऊ रोज संध्याकाळी यायची आणि दारातूनच विचारायची, "आलं का वो?" चौथ्या दिवशी म्हणाली, "आक्का, तारीख फुडं ढकला." तिला बोलताना धाप लागत होती. मी म्हणाले, "एक दिवस ढकलणार नाही." ती म्हणाली, "मग म्या जात न्हाई बगा. गाणी तशीच ऱ्हायली आन् आवाज गेला, तर म्या काय करू? शेतातली गडीण हाय, दुसरं काय हाय माज्याकडं?" ही बाई म्हणते तर खरंच जाणार नाही, हे मला माहीत होतं. त्या गाठीची मला रात्रंदिवस भीती वाटायची.

सोमवारी दाखल व्हायचं होतं. कार्ड शुक्रवारी आलं. दुकानदारांनी ते विट्याच्या गाडीनं पाठवलं, मी स्टँडवर जाऊन उतरवून घेतलं. दुपारी सगळं मंडळ धान्याच्या खोलीत हजर. आता खरं मशीन सुरू होणार म्हटल्यावर पूजा आलीच. आमच्याकडं नवा ट्रॅक्टर असो नाहीतर मिक्सर, हळदकुंकू लावल्याशिवाय बटण दाबत नाहीत. मीच म्हटलं, करूया. नारळ आणायला स्वयंपाकघरात गेले, बाहेर उंबऱ्यापाशी फोडला, पाण्याचा थेंब आत येऊ दिला नाही. कॉम्प्युटरच्या डब्यालाही बाहेरून कुंकू लावलं. जावेनं कार्ड माझ्या हातात दिलं. मी ते बसवलं, स्क्रू पिळला, बटण दाबलं.

काही नाही. तडतडसुद्धा नाही. कॉम्प्युटरला ते कार्ड दिसतच नव्हतं. वाकळांमुळं खोलीत अंधार, चाचपतच काढलं, घातलं. शेजारच्या खाचेत घातलं. पुन्हा पहिल्या खाचेत. आठजणी माझ्याकडं बघत होत्या. विद्यार्थी म्हणाला, "कार्डच मेलेलं असेल, बाई." मग मी सांगलीला फोन लावला आणि त्या भल्या माणसाला काय काय बोलले ते आता लिहायची लाज वाटते. मेलेलं कार्ड विकलं, एका बाईच्या जिवाशी खेळलात, इथवर गेले. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, मी स्वतः लावून बघितलं, मगच पाठवलं." मी फोन आपटला. बायका एकेक करून उठून गेल्या. जाऊ सगळ्यात शेवटी गेली. मी त्या वाकळांच्या खोलीत बसून रडले. आमचे हे दारात आले, उभे राहिले आणि चहा ठेवून गेले.

शनिवारी सकाळी जाऊ दूध घेऊन आली. तांब्या ठेवला तरी जाईना.

"काय गं?"

"रागवू नगा."

"बोल आधी."

"काल तुमी नारळ आणाया गेल्तासा न्हवं, तवा कार्ड माज्या हातात हुतं," ती म्हणाली. "त्याला खाली सोन्याचं बारीक दात हायत. म्हटलं, येवढाच भाग सोन्याचा, म्हंजी ह्येचा जीव हितंच आसणार. म्हणून तितं हळदकुंकू लावलं. वाळलेलं बसना, म्हणून जरा वलं करून लावलं." मग हळूच, "त्येनं तर काय झालं नसंल न्हवं?"

आधी संतापच आला. मग पायरीवर बसले आणि हसू काही केल्या आवरेना. ती घाबरून माझ्या पाठीवर हात फिरवायला लागली. अगं बाई, जीव अगदी बरोबर ओळखला होतास तू! त्या सोनेरी पट्ट्यांतूनच कार्ड बोर्डाशी बोलतं. आणि तिनं नेमकं त्याच तोंडात कुंकू भरलं होतं.

बटण बंद करून कार्ड काढलं. दातांदातांत लाल. मी काढघाल केली होती, त्यामुळं दोन्ही खाचांतही लाल. विद्यार्थ्याला फोन केला, तो हसायचा थांबेना, मग म्हणाला, "बाई, खोडरबर आहे का?" मला विचारतो, खोडरबर आहे का! पर्समध्ये अजून दोन असतात. पोरांचं चुकलेलं गणित खोडावं तशी मी कार्डाची एकेक पट्टी दोन्ही बाजूंनी घासली, पुन्हा लख्ख सोनेरी होईपर्यंत. खाचा झाडायला ह्यांचा दाढीचा कोरा ब्रश घेतला. ते म्हणाले, "तो माझ्या वाढदिवसाचा आहे." मी म्हणाले, "होता."

कार्ड बसवलं. बटण दाबलं. पेटीवरचा लाल दिवा एकदा लुकलुकला आणि हिरवा झाला. जिंकलो! मी ओरडले तशी शेजारची म्हैस दावं तोडायला बघायला लागली. जाऊ दारातूनच पळत सुटली, एकेकीला हाक मारत. धाप लागलेल्या बाईनं असं पळू नये, पण तिला अडवणार कोण.

शनिवार आणि रविवार, दोन्ही दिवस उजेडात रेकॉर्डिंग चाललं. सुभेदारांनी गल्लीत कर्फ्यूच लावला. पिठाची गिरणी बंद, बोअरची मोटर बंद, कोंबडे टोपलीखाली. आत आठजणी गोल बसल्या, प्रत्येकीपुढं माइक, मधे जाऊ. मी कोपऱ्यात माझ्या पेटीपाशी, आठ दिव्यांकडं डोळे लावून. ढोलकी पडली की एक दिवा नाचायचा, टाळ वाजला की दुसरा, आणि जावेनं ओळ टाकली की तिचा दिवा उठायचा, त्याच्या पाठोपाठ पाच. मला सूर कळत नाही, पण ते बघून कळत होतं. जावेला मधेमधे दम खायला थांबावं लागे. मग ती हात वर करायची, पाणी प्यायची आणि पुन्हा तिथूनच उचलायची. रविवारी दुपारपर्यंत चौदा गाणी झाली. सुनेच्या मोबाइलचं गाणं तीनदा घ्यावं लागलं, कारण ढोलकीवाली दर वेळी हसायची.

मग सगळ्यांना ऐकवलं. तडतड नाही, घुंई नाही, टाळ टाळाच्या जागी, ढोलकी ढोलकीच्या जागी, आणि सगळ्यांच्या वर माझ्या जावेचा बारीक, ताणून धरलेला आवाज. टाळावरची म्हातारी म्हणाली, "आपुन आसं गातो व्हय?" माझी छाती अशी फुगली होती की काय सांगू. गावातल्या ज्या ज्या माणसानं "बाई, ह्या वयात कशाला" म्हटलं होतं, त्या प्रत्येकाला मी घरी बोलावून ऐकवलं. काहींना दोनदा.

सोमवारी मिरजेला जाताना सांगलीत उतरलो. माफी फोनवर मागायची नव्हती. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच मी म्हणाले, "कार्ड चांगलं होतं. मी चुकले." आणि जावेनं पुढं होऊन कुंकवाचं सगळं सांगितलं, ओलं केल्यासकट. दुकानदारांनी चष्मा काढून डोळे पुसले, इतके हसले. "ताई, मी पण रोज सकाळी गल्ल्याला कुंकू लावतोय," ते म्हणाले, "पण पट्टीला न्हाई कधी लावलं." मग त्यांनी विचारलं, गाणी झाली का? जाऊ म्हणाली, "झाली." त्यांनी दोघींना उसाचा रस पाजला. जावेनं त्या दिवशी गळा पदरानं झाकून घेतला नाही.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली, श्वास मोकळा झाला, ती उताणी झोपायला लागली. आवाजाचं मात्र डॉक्टर म्हणाले तसंच झालं. पहिले काही आठवडे नुसती कुजबुज. मग आवाज आला, पण खाली, जाडसर, घोगरा. तिचा तो बारीक आवाज गेला तो गेलाच. ती रडली नाही. मंडळात जायची मात्र बंद झाली. कुणी बोलवायला आलं की म्हणायची, "गाणी हायत की आक्काच्या पेटीत. ऐका." मला ते ऐकवेना. ह्याच्यासाठी का मी धावले होते?

एका दुपारी ती आपण होऊन आली. धान्याच्या खोलीत बसली आणि म्हणाली, "लावा यमाईचं." मी लावलं. तिनं डोळे मिटून अर्धं कडवं ऐकलं.

"माजा बंद करा."

"काय?"

"माजा आवाज. सगळ्यांचा येगयेगळा हाय म्हणालासा न्हवं? माजा बंद करा, बाकीच्यांचा ऱ्हाऊ द्या."

मी तिचा माइक बंद केला. गाणं पुन्हा लावलं. ढोलकी आली, टाळ आला. ओळ जिथं यायची तिथं जवळजवळ रिकामं, आणि मग पाचजणींची झील. पण त्या रिकाम्या जागेत, लांबून, पातळसा तिचा आवाज होताच.

"आजून यायलाय की," ती म्हणाली.

"तो नाही जायचा," मी म्हणाले. "तुम्ही सगळ्या एका खोलीत बसला होतात. तू त्यांच्या माइकांतही आलीयस, प्रत्येकीच्या. तुझा माइक बंद केला तरी त्यांच्यातून तुला काढता येत नाही."

तिनं पेटीजवळ सरकून कान लावला. गाणं संपलं तशी म्हणाली, "पुन्यांदा लावा."

मी लावलं. या वेळी ढोलकीबरोबर ती मांडीवर बोटं आपटायला लागली. ओळीची जागा आली. तिनं मान वर केली आणि त्या खालच्या, जाडसर, घोगऱ्या आवाजात ओळ टाकली. अर्ध्यावर तिचा श्वास अडकला, तरी सोडली नाही, आणि पाचजणींनी ती बरोबर जागेवर झेलली.